वेरा होल्मचा भाऊ

रबराच्या त्या लहानशा तिकोनी हातोडीच्या कडेवर दातांचे ठसे होते—बारीक, अर्धगोलात उमटलेले, लहान मुलाने चावल्यासारखे—आणि समोरचा विद्यार्थी ती नुसतीच बोटांत फिरवत राहिला होता, त्यामुळे ते ठसे वर यायचे, खाली जायचे, पुन्हा वर यायचे, आणि तपासणीच्या उंच पलंगावर पाय सोडून बसलेल्या तिला त्या खोलीत दुसरं काही दिसेनासंच झालं होतं. कोण चावलं असेल? इथे लहान मुलं येत नाहीत. इथे आजारी माणसंसुद्धा येत नाहीत.

"पाय अगदी सैल सोडा हं, मिस होल्म."

तिने सोडला. हातोडी गुडघ्याखाली टेकली आणि पाय आपला आपण उडाला. तिला न विचारता, दुसऱ्याच कुणा बाईचा असल्यासारखा.

मिस होल्म म्हणजे तीच. दाराबाहेरच्या कार्डावर आणि कागदी झग्यावर छातीशी चिकटवलेल्या पट्टीवर वेरा होल्म असं नाव होतं—वय तेहतीस, नोकरी ग्रंथालयात, तक्रार थकव्याची, भूक नसल्याची, पहाटे जाग येण्याची. पट्टीखालची बाई मार्टा झुपान होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी खोट्यावर हात बसवावा लागतो, आणि असे खोटे पेशंट वैद्यकीय महाविद्यालय तासाच्या बोलीवर नेमतं. टेकडीवरच्या याच कॉलेजने गेल्या वर्षी मार्टाचा प्रवेशाचा अर्ज नाकारला होता. आता तेच तिला पगार देऊन आजारी पाडत होतं, आणि तिच्या जागी आत गेलेली मुलं—'तिच्या जागी' हे शब्द स्वतःशीसुद्धा वापरायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं—तिच्या गुडघ्यावर हातोडी मारत होती.

वेराच्या आजाराला एक तळघर होतं. कार्डावर ते जाड अक्षरांत लिहिलेलं होतं: विद्यार्थ्याने आपुलकीने घरची चौकशी केली तरच क्षणभर थांबावे, खिडकीकडे पाहावे आणि सांगावे की धाकटा भाऊ हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला, त्या रात्री भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू आला होता, आणि आपण कूस बदलून पुन्हा झोपलो. बस, एवढंच. भावाला नाव नव्हतं, वय नव्हतं, चेहरा नव्हता. मार्टाला तर भाऊच नव्हता, एकुलती एक. आणि तरीही 'कूस बदलून' या शब्दांपाशी दर वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, खरंखुरं, कोमट, हनुवटीपर्यंत ओघळणारं. आरशाच्या एकतर्फी काचेमागे बसून सगळं पाहणाऱ्या, या तपासण्यांची व्यवस्था बघणाऱ्या पॉलीनला त्याचं फार कौतुक. कुठून आणतेस गं, म्हणायची. कुठून आणते? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नंतरही नाही. दफनाच्या वेळी एक मावशी माझ्या पाठीवर हात फिरवत होती, रड गं, रडून घे—आणि मी तिच्या कोटाची बटणं बघत होते…

"मिस होल्म," विद्यार्थी म्हणाला. त्याने हातोडी खाली ठेवली होती. मेंग थाओ त्याचं नाव. उंचीने बेताचा, हळू बोलणारा. बाकीची मुलं छतावरच्या कॅमेऱ्याच्या लाल ठिपक्याकडे चोरून बघत. हा बघत नव्हता. "घरी कसं काय आहे सगळं? म्हणजे… सोबतीला कुणी असतं का?"

ती थांबली. खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काहीच नव्हतं. जून लागला तरी सुपीरियर सरोवरावरून चढलेलं धुकं टेकडीला येऊन टेकलं होतं आणि हलायला तयार नव्हतं. खालची गोदी, पूल, जहाजं सगळं त्यात गेलं होतं. तिने सांगितलं. भिंत. खोकला. कूस. पाणी आलं.

इथे मुलं म्हणतात, ऐकून फार वाईट वाटलं. मग कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवतात आणि भुकेविषयी विचारतात. मेंग थाओने डब्याला हात लावला नाही. तो वाट बघत राहिला, आणि मग त्याने विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

हे कार्डात नव्हतं. कार्डात नसलेलं कुणी विचारलं तर 'त्याविषयी आत्ता नको' असं म्हणायचा नियम. तिने 'नको' म्हणायला तोंड उघडलं.

"आर्वो," ती म्हणाली. आणि वर, कुणी न विचारता, "थंडीत आधी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या."

"आर्वो," मेंग थाओ हलकेच म्हणाला. उच्चार नीट जमतोय ना हे बघावं, तसा. आणि त्याने ते म्हणताच खोलीत काहीतरी बदललं. आपण पाठमोरे काम करत असताना मागच्या दारातून कुणी घरात आलं की हवेला कळतं, आपल्याला नंतर—तसं. तिने समोरच्या आरशाच्या काचेत पाहिलं. कागदी झग्यातली ती, मेंग थाओची पाठ, भिंतीवरचा दिवा. एवढंच होतं. एवढंच आहे ना हे आपण तपासून पाहिलं, याची मात्र तिला भीती वाटली.

घंटा झाली. आता छातीवरची पट्टी काढायची, मी मार्टा आहे असं म्हणायचं आणि विद्यार्थ्याला काय चांगलं झालं, काय चुकलं ते सांगायचं. तिने पट्टी काढली.

"नाव विचारायला नको होतं का?" तोच आधी म्हणाला. "यादीत नव्हतं ते. पण नाव न विचारता एकदम भूक लागते का विचारायचं, मला जमेना."

"नाही, चुकलं नाही. बरं वाटलं…" ती अडखळली. "वेराला बरं वाटलं."

दाराशी जाऊन तो वळला. "ते खरं नाव आहे ना?"

"कुणाचं?"

"नाही—माफ करा. तुम्ही इतकं पटकन सांगितलंत ना, म्हणून." त्याचा चेहरा लाल झाला आणि तो गेला.

पॉलीन आत आली ती कार्ड आणि पेन घेऊनच. "नाव कुठून काढलंस?"

"आलं तोंडात."

"छान आहे. आता असं कर, उरलेल्यांनी विचारलं तर त्यांनाही तेच सांग. कानाच्या पाळ्यांसकट. एकाला एक भाऊ आणि दुसऱ्याला दुसरा, असं नको बाई. परीक्षा आहे, सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे." आणि तिने जाड अक्षरांच्या शेवटी, कंसात, ते नाव लिहून टाकलं.

उरलेल्यांपैकी कुणी विचारलं नाही. एकीने घरची चौकशीसुद्धा केली नाही. एकाने केली, रुमालांचा डबा पुढे केला आणि घाईघाईने नाडीला हात घातला. मार्टा त्याच्याकडे बघत राहिली. विचार ना. एवढं एक विचार. तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग येतोय—आंबट राग, एखादं मूल दारात ताटकळत उभं आहे आणि घरातली माणसं गप्पांत रंगलीत तसं काहीतरी बघताना येतो तो—आणि तो वेराचा राग नव्हता, कारण कार्डात राग नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत होबार्ट भेटला. होबार्ट जन्मभर खनिजाच्या जहाजांवर स्वयंपाकी होता. निवृत्त झाल्यावर इथे छातीत दुखणाऱ्या माणसाचं काम करायचा. त्याने थर्मासमधलं रानतांदळाचं सूप दोन कपांत ओतलं आणि एक तिच्यापुढे सरकवला.

"सकाळपासून दोनदा मेलो," तो म्हणाला, "एकाने पाणी विचारलं नाही. तुझं काय?"

"भाऊ गेला."

"रोजच जातो तो. ते तुझं निवेदन कुठवर आलं?"

तिने मान हलवली. निवेदन म्हणजे प्रवेशअर्जाबरोबर जोडायचं ते पान: तुम्हाला डॉक्टर का व्हायचं आहे, ठरलेल्या अक्षरसंख्येत, स्वतःच्या शब्दांत. गुण तिचे चांगले होते. गेल्या वर्षी नकार आल्यावर तिने प्रवेश कार्यालयात फोन करून कारण विचारलं होतं, तेव्हा पलीकडची बाई फार मायेने बोलली होती. निवेदन सुबक आहे हो. त्यात तुमची आई आहे, तिचा आजार आहे. पण वाचून संपल्यावर असं वाटतं की तुम्हीच तिथे नाही आहात. आता पुन्हा अर्ज करायचा तर नवं निवेदन हवं, आणि अर्ज घेणं सुरू झालं होतं. जो उशिरा पाठवेल तो रांगेत मागे. तिसऱ्यांदा करायचा नाही हे तिने वडिलांना सांगून ठेवलं होतं. तिसऱ्यांदा नाही, मग काय, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यापुढे ती खिडकी होती—धुक्याने भरलेली.

"त्यात काय लिहायचंय एवढं?" होबार्ट म्हणाला. "लिही, मला डॉक्टर व्हायचंय कारण काचेपलीकडची कॉफी बरी असते."

ती हसली. मग म्हणाली, "होबार्ट, हे घरी येतं का रे तुझ्याबरोबर? हे… काम?"

त्याने कप खाली ठेवला. "बायको म्हणते मी झोपेत डावा हात धरतो. मागच्या महिन्यात एकदा खरंच कळ आली. म्हटलं, अगं दुखतंय. तर ती म्हणते, कितव्या नंबरची केस?" तो मोठ्याने हसला, आणि मग हसू ओसरल्यावर, सुपाकडे बघत म्हणाला, "मलाही क्षणभर सांगता आलं नाही, पोरी."

दुपारी ती गावातल्या वाचनालयात गेली. वरच्या मजल्यावर सरोवराकडे तोंड करून एक लांब टेबल होतं, तिथे रोज एक म्हातारा जुनी वर्तमानपत्रं वाचत बसायचा. आज तोही नव्हता. काचेबाहेर पांढरं. मधूनच त्या पांढऱ्यातून जहाजाचा भोंगा यायचा, लांबलचक, आणि कुठून आला ते समजायचं नाही.

तिने लॅपटॉप उघडला. आई, असं लिहिलं. गेल्या वेळचं वाक्य तिला पाठ होतं: आईच्या उशाशी बसले असताना, नऊ वर्षांच्या मी ठरवलं की… मी काही ठरवलं नव्हतं. मी पलंगाच्या कठड्यावर चिकटलेली पट्टी नखाने सोलत होते. ती निघत नव्हती, आणि मला ती सबंध, न फाटता काढायची होती, आणि तेवढंच मला हवं होतं त्या वेळी या जगात… आणि आई काहीतरी म्हणाली. फिनिशमध्ये. आईचं माहेर फिनिश, तिला शेवटी इंग्रजी सुचेना. नर्सला वाटलं पाणी मागतेय. आईची नजर सलाइनच्या नळीकडे होती—असंच मला वाटत आलं होतं, इतकी वर्षं—पण आत्ता या पांढऱ्या काचेसमोर बसून ती नजर पुन्हा पाहिली तर ती नळीकडे नव्हती. नळी वर असते. ही नजर माझ्या डाव्या बाजूला होती, आणि किंचित खाली. माझ्या खांद्याच्या खाली. मी उभी होते, नऊ वर्षांची. माझ्याहून लहान कुणी शेजारी उभं असतं, तर त्याच्या चेहऱ्यावर पडली असती इतकी खाली…

हे खरं आहे की सकाळपासूनच्या रडण्याने रंगवलेलं? तिने आठवणीतून ते चित्र पुन्हा काढून पाहिलं. दर वेळी नजर तिथेच जात होती. आता ती नळीकडे वळवून पाहिली तर वळेचना.

मग तिने एक वाक्य लिहिलं. माझा धाकटा भाऊ आर्वो खोकायचा तेव्हा आधी थोडा वेळ श्वास धरून ठेवायचा, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि त्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं, तिची बोटं थांबेनात. छातीला चोळायच्या मलमाचा वास आला, लोकरी पायमोज्याची फाटलेली टाच आली, खिडकीच्या काचेवर वाफ धरून त्यात बोटाने काढलेली होडी आली, भिंत आली. ती भिंत तिला चांगली ओळखीची होती. तिच्याच लहानपणच्या खोलीतली, फिकट हिरवी. त्या खोलीला एका बाजूला आईवडिलांची खोली होती आणि दुसऱ्या बाजूला काही नव्हतं, घर तिथे संपायचं, पलीकडे नुसतं बर्फ—आणि लिहिता लिहिता तिला स्पष्ट समजलं की आपल्याला खोकला ऐकू येतोय तो या दुसऱ्या बाजूने.

तिने हात वर उचलले. पानभर मजकूर झाला होता. तिने तो वाचला, आणि तिच्या अंगावर काटा आला तो त्यातल्या भावासाठी नाही. आजवर तिने लिहिलेल्या कशातही नव्हती अशी एक बाई त्या पानात होती म्हणून—हट्टी, अपराधी, जागी, डोळ्याला डोळा भिडवून बघणारी. वाचून संपल्यावर ती कोण हे पक्कं कळत होतं. हेच तर त्यांना हवं होतं. आणि त्यातलं अक्षरही खरं नव्हतं. आईचं खरं होतं, आणि ते मेलेलं होतं. हे खोटं होतं आणि श्वास घेत होतं. पुसून टाकावं म्हणून तिने सगळा मजकूर निवडला. पडद्यावर तो निळा होऊन वाट बघत राहिला. तिने लॅपटॉप तसाच मिटला. बंद करताना तिने तो हळू मिटला, आवाज होऊ नये म्हणून, आणि पायऱ्या उतरताना तिला कळेना की हे आपण कुणाच्या झोपेसाठी केलं.

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली. बुधवारी जेवायला तिकडेच जायची रीत होती. फ्रँक झुपान गोदीत चाळीसएक वर्षं काम करून घरी बसला होता. बायको गेल्यावर मासा शिजवायला शिकला तेवढं एक सोडलं तर घरातलं त्याने काही बदललं नव्हतं.

"दार लोट, धुकं आत येतं," तो आतून ओरडला. "काय गं, आज कितीजणांनी तपासलं?"

"पाच-सहा."

"आणि काय निघालं?"

"थकवा."

"तो मी फुकटात सांगितला असता."

धुरावलेला मासा, उकडलेले बटाटे, वर शेपू. तो तिच्या ताटातल्या माशाचेसुद्धा काटे काढून द्यायचा, अजूनही, आणि ती देऊ द्यायची. काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत तो म्हणाला, "या वेळी हेल्मीला त्यातून सोड."

"कशातून?"

"त्या तुझ्या निवेदनातून. गेल्या वेळी वाचायला दिलं होतंस, तेव्हा छान आहे म्हणालो मी. छानच होतं. पण ती बाई कोण ते मला कळेना. इतकी शांत, हसतमुख… तुझी आई मरताना चिडलेली होती, मार्टा. सगळ्यांवर. माझ्यावर तर फारच."

बाहेर भोंगा झाला. मग ती म्हणाली—आवाज सहज ठेवायचा तिने प्रयत्न केला, आणि तो वेरासारखा निघाला—"डॅड, आपल्याकडे आर्वो नावाचं कुणी होतं?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तोंडात आलं."

"ते यायचंच तुझ्या तोंडात," तो म्हणाला, आणि आणखी एक काटा कडेला ठेवला. "चार-पाच वर्षांची होतीस. झोपेत बोलायचीस. बाकीचं कळायचं नाही, पण हे एक नाव—नाव म्हण, शब्द म्हण—सारखं. हाक मारावी तसं नाही. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. मग हेल्मी उठून तुझ्या खोलीत जायची. आतून दार लोटून घ्यायची आणि बोलत बसायची, त्यांच्या भाषेत. मी पडल्या पडल्या ऐकायचो. मला त्या भाषेतलं 'जेवायला ये' आणि 'गप्प बस' एवढंच कळतं. त्यातलं ती काही म्हणत नव्हती."

"माझ्याशी बोलत असेल."

"तू झोपलेली असायचीस."

त्याने माशाचा एक तुकडा तोंडात टाकला. मार्टाच्या हातातला काटा-चमचा हातातच होता.

"एकदा मी दार उघडून पाहिलं," तो म्हणाला. "ती पलंगावर बसलेली होती. तुझ्याकडे पाठ करून." त्याने बटाट्याचे दोन तुकडे केले, शेपू एका बाजूला सारला. "मी दार परत लावून घेतलं."

"विचारलं नाहीस तिला?"

"सकाळी विचारलं. म्हणाली, पोरीला स्वप्न पडलं. मग तुझ्या आईकडच्या आजोबांना विचारलं, तुमच्यात आर्वो म्हणजे काय हो? म्हणाले, मोल. किंमत. पुरुषाचं नावही असतं म्हणाले. आणि एकदम उठून सौनात, त्यांच्या त्या वाफेच्या खोलीत, लाकडं टाकायला गेले, भर दुपारी."

"डॅड, तिला माझ्याआधी…"

"माझ्या माहितीत नाही." तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता. "आमचं लग्न झालं तेव्हा हेल्मी चौतीस वर्षांची होती. त्याआधीचं तिचं तिच्यापाशी. मी खोदलं नाही. मला वाटायचं, हे सभ्यपणाचं आहे." त्याने खांदे उडवले. "आता माझ्यावर का चिडली होती ते कुणाला विचारू?"

"पण मला कसं माहीत असेल? चार वर्षांच्या मुलीला काय माहीत असतं?"

"काय माहीत असतं?" त्याने तिचाच प्रश्न परत केला, टोमणा म्हणून नाही, तिने वैद्यकाची एवढी पुस्तकं वाचली होती म्हणून, तिला उत्तर ठाऊक असेल म्हणून. मग त्याने पोटिकाची, अक्रोड भरलेल्या गोड पावाची, बशी पुढे ढकलली. "खा. चर्चच्या विक्रीतला आहे. हल्ली अक्रोड कमी घालतात मेले."

तिने खाल्ला. अक्रोड खरंच कमी होते. भांडी विसळली, पुसली. वडील बातम्या लावून बसले तेव्हा ती लॅपटॉप घेऊन वर गेली.

उजेड अजून होता. जूनमधली संध्याकाळ इथे संपता संपत नाही, आणि धुक्यामुळे तो उजेड कुठून येतोय तेही कळत नाही, सगळीकडून सारखाच येतो, सावली पाडत नाही. खोली लहान होती. तिच्या आठवणीतल्याहून लहान. ती पलंगावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला, उघडला. मजकूर तसाच होता, निळा, निवडलेला. एक कळ दाबली की गेला असता.

तिने तो पुन्हा वाचला. दुपारी तिला वाटलं होतं, खोटं कोणतं ते आपल्याला ठाऊक आहे. खोटं लिहिल्याची लाज होती, पण जमिनीवर पाय होते. आता एकेका वाक्यापाशी ती थांबत होती. पायमोज्याची टाच—ही कुणाची? वेराची तर नाही, कार्डात पायमोजे नव्हते. माझी? मला आठवत नाही. काचेवरच्या वाफेतली होडी—ती मी काढलेली असेल, मुलं काढतात. असेल. श्वास धरून ठेवणं… हे कुणी मला सांगितलं असेल, मी झोपेत असताना, आणि मला समजत असलेल्या भाषेत. कारण तेव्हा मला ती भाषा समजत असणार. आई गेली आणि घरातून ती भाषा गेली, वर्षभरात मी ती विसरले, तिच्याबरोबर तिच्यात ठेवलेलं सगळंही. की हे मी आत्ता रचतेय? चांगली पेशंट आहे मी. कार्ड वाचून रडते. वडिलांनी नवं कार्ड दिलं, आणि मी…

तुम्हाला डॉक्टर का व्हायचं आहे? प्रश्न पानाच्या डोक्यावर होता, नेहमीसारखा सभ्य. आजवर तिला त्याची भीती वाटायची ती उत्तर सापडत नाही म्हणून. 'मला' असं लिहिलं की पुढे एक रिकामी खोली लागायची, आणि ती आईला आणून तिथे बसवायची, दिवा लावायची, म्हणजे रिकामी दिसू नये. आता ती खोली रिकामी नव्हती. कुणी होतं का हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घेण्याचा मार्ग उरलेला नव्हता, जी सांगू शकली असती ती पाठ करून बसली होती; पण रिकामी नव्हती. तिने पुसायची कळ दाबली नाही. पाठवायचंही मनात आलं नाही. खाली बातम्या चालल्या होत्या, हवामान सांगत होते, वडील त्यांच्याशी वाद घालत होते. तिचे ओठ हलत होते. आधी तिला कळलं नाही. मग जीभ टाळूला लागल्याचं, एक स्वर लांबवल्याचं, पुन्हा लांबवल्याचं जाणवलं. आवाज नव्हता. शब्द होते की नुसताच शब्दांचा आकार होता ते सांगता येत नव्हतं, आणि अर्थ तर तिला मुळीच लागत नव्हता. जीभ मात्र कुठे अडखळत नव्हती.

तिने ती थांबवली नाही. थांबवली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. कदाचित काहीच नाही, ती एका लहान खोलीत दुसऱ्यांदा अर्ज लिहीत बसलेली एक बाई राहिली असती. ती ऐकत राहिली. भीती होती, मानेच्या मागे, थंड, पण ती आता तिच्याकडून काही मागत नव्हती, नुसती होती—थंडी असते तशी. आणि बऱ्याच वेळाने पाय अवघडले म्हणून तिने खाली पाहिलं, तेव्हा तिला दिसलं की आपण पलंगाच्या अगदी कडेला, पडू की काय इतकं कडेला सरकून बसलो आहोत, आणि बाकीचा सगळा पलंग मोकळा ठेवला आहे. कधी सरकलो, आठवेना.

ती परत मध्ये सरकली नाही.